मालमोटारीचा इतिहास : साधनें आणि त्यांची परीक्षा

जुन्या वस्तूंचा व हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत असा एक समज रूढ आहे कीं, जें अद्याप रस्त्यावर चालतें तें इतिहासाचा विषय होऊं शकत नाहीं. ताम्रपट, नाणीं, मोडी रुमाल, बखरी ह्यांच्या पंक्तीस मालमोटारीला बसवावयाचें म्हटलें कीं पुष्कळांस हसूं येतें. आम्हांस तें हसूं अस्थानीं वाटतें. शेतांतला माल बाजारांत कोण, किती भाड्यानें व किती दिवसांत पोंचवितो, ह्यावर खेड्याचा धंदा, भाव आणि वस्ती हीं तिन्ही अवलंबून असतात; आणि गेल्या पाऊणशें वर्षांत हें काम उत्तरोत्तर मालमोटारीकडे आलें आहे. बंजाऱ्यांच्या तांड्यांवरील निबंध आदरानें वाचणाऱ्या वाचकांनीं तांड्याच्या वारसाकडे पाठ फिरवावी, हें सुसंगत नव्हे.

ह्या विषयावर इंग्रजींत, विशेषतः ब्रिटनमध्यें, विपुल लिहिलें गेलें आहे. आपल्याकडे जुन्या मोटारींचे जे थोडे संग्राहक आहेत, ते बहुधा त्याच लेखनाचा कित्ता गिरवितात. त्या लेखनपद्धतीचें परीक्षण करावें, ती आपल्याकडे कितपत लागू पडते तें पाहावें, आणि नागपूर जिल्ह्यांत कुहीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीं राहून ह्या विषयाचीं कोणतीं साधनें दिसतात तें सांगावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचा सिद्धांत प्रथमच सांगतों. मालमोटार ही केवळ कारखान्याची कृति नव्हे. कायदा, रस्ता, माल आणि हौदा बांधणारा कारागीर ह्या चौघांनीं मिळून ती घडविली आहे. ह्या चौघांचा पुरावा कारखान्याच्या जाहिरातींत मिळत नाहीं. तो परवाने, नोंदणीपुस्तकें, बिल्ट्या व जकातीच्या पावत्या ह्यांत आहे. आणि आज तो रद्दीच्या भावानें जात आहे.

(१) इंग्रजी लेखनाचे गुणदोष

गुण आधीं मान्य केले पाहिजेत. ब्रिटनमधील हौशी मंडळींनीं एकेका कारखान्याच्या मोटारींची जी नोंद ठेविली आहे, तिच्यापासून आमच्या वंशावळकारांनीं धडा घ्यावा. कोणत्या नमुन्याचें उत्पादन केव्हां सुरू झालें, एंजिन कोणतें, आंस किती, कोणत्या धन्याकडे किती मोटारी होत्या आणि त्यांवर कोणता रंग होता, इतकें बारकाईनें त्यांनीं टिपलें आहे. कित्येक मोटारी दुरुस्त करून चालत्या स्थितींत जतनही केल्या आहेत. विद्वत्तेचा अधिकार न सांगणाऱ्या माणसांनीं पदरमोड करून केलेलें हें काम आहे, आणि त्यांतील तारखा व आंकडे बहुधा विश्वसनीय असतात.

परंतु ह्या लेखनाचा सांचा राजवंशावळीचा आहे. अमुक कारखान्याच्या पोटीं अमुक नमुना जन्मास आला, त्याच्यामागून त्याहून बलिष्ठ असा दुसरा गादीवर बसला, पुढें घराणें खालावलें आणि दुसऱ्या घराण्यांत विलीन झालें, असा सर्व कथाभाग असतो. वंशावळींत राजा असतो, पण रयत नसते, सारा नसतो, दुष्काळ नसतो. तद्वत् ह्या ग्रंथांत मोटार असते, पण तिनें काय वाहिलें, कोणत्या भाड्यानें वाहिलें, आणि ती तशीच कां बांधली, ह्यांचीं उत्तरें क्वचित् सांपडतात. वाचकाचा असा ग्रह होतो कीं, प्रत्येक सुधारणा ही कुशल यंत्रज्ञाच्या बुद्धींतून आपोआप उगवली. तो ग्रह चुकीचा आहे, हें खुद्द ब्रिटनच्याच उदाहरणावरून दाखवितां येतें.

(२) कायद्यानें घडविलेली मोटार

ब्रिटनमध्यें १९३३ च्या कायद्यानें मालमोटारींस परवाने लागू झाले. भाड्यानें परका माल नेणाऱ्यास ‘ए’, भाड्याचा व स्वतःचा असा दोन्ही माल नेणाऱ्यास ‘बी’, आणि केवळ स्वतःचा माल नेणाऱ्या व्यापाऱ्यास ‘सी’, असे त्यांचे तीन वर्ग होते. महायुद्ध संपल्यावर मजूर पक्षाच्या सरकारनें १९४७ सालीं वाहतुकीचा नवा कायदा करून लांब पल्ल्याची भाडोत्री वाहतूक सरकारच्या ताब्यांत घेतली आणि ती ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’ ह्या नांवानें चालविली. जे खाजगी हुंडेकरी उरले, त्यांस आपल्या ठाण्यापासून २५ मैलांच्या पलीकडे जाण्यास सामान्यतः मनाई झाली. ‘सी’ वर्गास मात्र ही मर्यादा नव्हती. परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. सरकारी गाडीची वाट पाहण्यापेक्षां व्यापाऱ्यांनीं स्वतःच्याच मोटारी घेतल्या, आणि ‘सी’ वर्गाची संख्या फार वाढली. १९५३ सालीं हुजूर पक्षानें कायदा फिरवून सरकारी मोटारी पुन्हा विकावयास काढल्या. ह्या सहा वर्षांत कोणत्या आकाराच्या किती मोटारी खपल्या, हें यंत्रज्ञांच्या कौशल्यापेक्षां परवान्याच्या वर्गावर अधिक अवलंबून होतें.

वेगाचा नियम तर याहून बोलका आहे. रिकामी असतां जिचें वजन ३ टनांहून अधिक, अशा मालमोटारीस युद्धोत्तर काळांत तासाला २० मैलांहून अधिक वेगानें जाण्याची परवानगी नव्हती. हलक्या मोटारीस ३० मैल होती. जड मोटारींची ही मर्यादा १९५७ सालीं ३० मैलांवर नेण्यांत आली. तोंपर्यंत कारखानदारांची सर्व अक्कल रिकामें वजन ३ टनांच्या आंत कसें ठेवावें ह्याकडे लागलेली होती. हलकी चौकट, हलका हौदा, पातळ पत्रा, आणि त्यावर मालकानें मर्यादेबाहेर लादलेलें ओझें, हें त्या काळच्या अनेक इंग्रजी मोटारींचें लक्षण आहे. लांबीवरही निर्बंध होता. लांबी ठराविक आणि माल तर अधिक बसवावयाचा, तेव्हां चालकाला एंजिनाच्या मागून उचलून एंजिनाच्या बाजूस किंवा वर बसविणें प्राप्त झालें. सपाट तोंडाच्या इंग्रजी मोटारीचा जो चेहरा संग्राहकांस एवढा प्रिय आहे, त्याचें मूळ असें कायद्याच्या कलमांत आहे.

जड वर्गांत चार आंसांची व आठ चाकांची अखंड मोटार हें ब्रिटनचें खास वैशिष्ट्य होतें. भरल्या गाडीची तिची मर्यादा २२ टन होती. १९५५ सालीं ती २४ झाली. पुढें १९६४ सालीं नियम बदलले. अखंड आठचाकीस २८ टनांपर्यंत, तर पुढें ओढणारी मोटार व मागें जोडलेली गाडी अशा सांध्याच्या वाहनास ३२ टनांपर्यंत मोकळीक मिळाली. एका नियमानें आठचाकीचें राज्य डळमळलें आणि सांध्याच्या वाहनांचें सुरू झालें. १९५९ सालीं एम्-१ हा मोठा द्रुतमार्ग खुला झाल्यावर तासन् तास एकाच वेगानें धांवण्यास योग्य अशीं एंजिनें लागूं लागलीं. एंजिनावर बसविलेल्या केबिनमुळें दुरुस्ती अवघड होत असे. म्हणून सबंध केबिनच पुढें कलंडणारी करण्याची युक्ति फोडेन ह्या कारखान्यानें १९६२ च्या सुमारास व लेलंडनें १९६४ सालीं प्रचारांत आणली. म्हणजे ज्या अडचणीवर हा उपाय निघाला, ती अडचणच मुळांत लांबीच्या नियमानें उत्पन्न केलेली होती. अखेर १९६८ च्या कायद्यानें परवान्यांची संख्या आंखडण्याचें धोरण सोडून मोटारीची स्थिति व मालकाची लायकी पाहण्याचें धोरण धरलें. प्रत्येक मोटारीवर तिच्या वजनमर्यादेची पट्टी ठोकण्याची व वार्षिक तपासणीची पद्धति त्याच सुमारास आली. पट्टी वाचल्यावांचून मोटार कळत नाहीं, हें तत्त्व ताम्रपटाच्या वाचकांस नवें वाटूं नये.

(३) शिक्का व घाट

आतां आपल्याकडे वळूं. ब्रिटनच्या वंशावळीचा कित्ता येथें गिरविला तर काय होतें, ह्याचें उत्तम उदाहरण मुंबईचें आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जोडण्यास आरंभ केला. ह्या मालमोटारी डॉज, डीसोटो आणि फार्गो अशा तीन नांवांनीं विकल्या जात. नांवें तीन, पण वस्तु बव्हंशीं एकच. खुद्द ब्रिटनमध्येंही ऑस्टिन व मॉरिस एकत्र आल्यावर एकाच मोटारीवर दोन शिक्के मारण्याची चाल पडली होती. जो संग्राहक पुढचा शिक्का पाहून वर्गवारी करील, तो एकाच टांकसाळीच्या रुपयांस तीन राजवटी कल्पील.

उलट प्रकारही आहे. टाटांच्या जमशेटपूर येथील कारखान्यानें १९५४ सालीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशीं पंधरा वर्षांचा करार करून मालमोटारी बांधण्यास सुरुवात केली. तोंडावर त्रिशूळी तारा असलेल्या ह्या मोटारी महाराष्ट्रांतील सडकांवर सर्वांच्या ओळखीच्या झाल्या. १९६९ सालीं करार संपला, तारा गेला आणि त्याच्या जागीं टाटांचें स्वतःचें चिन्ह आलें. मोटार मात्र एका रात्रींत बदलली नाहीं. मुद्रा बदलली म्हणजे राज्य बदललें असें नाणेशास्त्रज्ञ म्हणूं शकतो. वाहनशास्त्रज्ञानें तसें म्हणूं नये. ही पूर्वपरंपरा हातीं घेऊन पुण्याच्या टाटांच्या कारखान्यांतून १९८६ सालीं ४०७ ही लहान मालमोटार निघाली, आणि ती तालुक्याच्या बाजारास मोठीपेक्षां अधिक मानवली.

तिसरें घराणें लेलंडचें. मद्रासजवळ एन्नोर येथें १९४८ सालीं निघालेल्या अशोक मोटर्स ह्या कारखान्यानें आरंभीं ऑस्टिन मोटारी जोडल्या; लेलंडशीं करार झाल्यावर १९५५ पासून तो अशोक लेलंड झाला. ब्रिटनमध्यें युद्धानंतर निघालेल्या ‘कॉमेट’चें नांव येथील सडकांवर दीर्घ काळ राहिलें. ह्याच कंपनीनें १९८२ सालीं आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत गडेगांव येथें गियरपेट्यांचा कारखाना काढला. बेडफर्ड ह्या प्रसिद्ध नांवाच्या मालमोटारींचें काम मूळ कंपनीनें ब्रिटनमध्यें १९८६ सालीं थांबविलें. लेलंडचें नांव मात्र वैनगंगेच्या कांठच्या मुलखांत अजून पाट्यांवर वाचावयास मिळतें. हा प्रकार वंशावळकारास विचित्र वाटेल. ज्यास माल व रस्ता दिसतो त्यास तो सहज उमगतो.

शिक्क्याहून महत्त्वाचा प्रश्न घाटाचा आहे. आपल्याकडे मालमोटार बहुधा पूर्ण विकली जात नसे. कारखाना केवळ चेसिस देई, म्हणजे चौकट, एंजिन, चाकें आणि पुढचें तोंड. चालकाची केबिन व मालाचा हौदा बांधवून घेणें हें मालकाचें काम. तो चेसिस घेऊन सुतार-लोहारांच्या आवारांत जाई. तेथें लांकडी चौकट, त्यावर पत्रा, उंच बाजू, मागें फाळका, ताडपत्री व दोर बांधण्याच्या कड्या, केबिनमध्यें निजण्याजोगें रुंद बांक, हें सारें मापून-जोखून हातानें होत असे. बैलगाडीचा साटा बांधणाऱ्या हातांस हें काम परकें नव्हतें. ब्रिटनमध्येंही लांकडी चौकटीच्या केबिनी युद्धोत्तर काळापर्यंत होत. पण तेथें कारखान्याची पत्र्याची केबिन लवकर सार्वत्रिक झाली, येथें लांकडाची परंपरा फार काळ टिकली. अर्थात् येथील मोटारीचा अर्धा कर्ता अनामिक आहे. कारखान्याच्या वंशावळींत त्याचें नांव येत नाहीं, म्हणून त्याची कृति नव्हती असें होत नाहीं.

(४) रस्ता आणि परवाना

रस्त्याच्या इतिहासांत मात्र महाराष्ट्राचीं व नागपूरचीं नांवें ठळक आहेत. बॅ. मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या समितीनें रस्त्यांचा प्रश्न अखिल हिंदुस्थानचा असल्याचें सांगितलें. तिच्या शिफारशीवरून १९२९ सालीं पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसवून रस्त्यांचा मध्यवर्ती निधि उभारला गेला, आणि १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९३३ च्या मिचेल व कर्कनेस ह्यांच्या अहवालांत आगगाडी व मोटार ह्यांच्या चढाओढीचा हिशेब आहे. त्या चढाओढीस लगाम घालण्यासाठीं १९३९ चा मोटारवाहन कायदा आला. त्यांतील परवान्यांची कल्पना ब्रिटनच्या १९३३ च्या कायद्याची सख्खी बहीण शोभते.

पुढें १९४३ च्या डिसेंबरांत सर्व प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य एंजिनियर नागपूर येथें जमले व त्यांनीं वीस वर्षांची योजना आंखली. ती ‘नागपूर योजना’ ह्याच नांवानें प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्ह्याचे मोठे व इतर रस्ते आणि खेड्याचे रस्ते अशी वर्गवारी तिनें रूढ केली. सुमारें ३,३१,००० मैल रस्त्यांचें व ४४८ कोटी रुपये खर्चाचें लक्ष्य ठेविलें. आणि लागवडीच्या सुधारलेल्या मुलखांत कोणतेंही खेडें मुख्य रस्त्यापासून पांच मैलांहून दूर नसावें असें तत्त्व घालून दिलें. त्या वेळीं महायुद्ध चालू होतें, पेट्रोल मोजून मिळत होतें, आणि कित्येक मोटारी कोळशाच्या धुरावर चालविल्या जात होत्या, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ह्या योजनेचें धाडस कळतें. तिच्यावर आमचा आक्षेप एवढाच कीं, पांच मैलांचें माप नकाशावर काढलेलें होतें. पावसाळ्यांत नाल्याच्या पलीकडचें पांच मैल व अलीकडचें पांच मैल एक नसतात, हें खेड्यांतला गाडीवान सांगूं शकला असता.

युद्ध संपतांच लष्कराच्या शिलकी मोटारी लिलांवांत निघाल्या, आणि ब्रिटनप्रमाणेंच येथेंही अनेक हुंडेकऱ्यांचें भांडवल त्यांतून उभें राहिलें. परंतु नागपूरच्या हुंडेकऱ्यापुढें एक अडचण अशी होती, जी लंडनच्या हुंडेकऱ्यास ठाऊक नव्हती. नागपूर आधीं मध्यप्रांत व वऱ्हाडांत, १९५० पासून मध्यप्रदेशांत, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आलें. राजधानी होती ती सीमेवरचें शहर झाली. पूर्वी जी वाहतूक प्रांताच्या पोटांतली होती, ती परराज्याची ठरली, आणि परवान्यावर दुसऱ्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागूं लागली. १९५९ सालीं मसानी समितीनें अशा निर्बंधांवर टीका केली. तथापि राष्ट्रीय परवान्याची योजना येण्यास १९७५ साल उजाडलें. एकच मोटार, एकच रस्ता, पण पंधरा वर्षांच्या कागदांवर चार राज्यांचीं नांवें, हा प्रकार नागपूरच्या जुन्या नोंदणीपुस्तकांत आढळावयाचा. राज्यपुनर्रचनेचा परिणाम बाजारावर काय झाला, हें पाहावयाचें असेल तर विधिमंडळाच्या भाषणांपेक्षां हीं पुस्तकें अधिक खरें सांगतील.

(५) कुहीचा माल

ओझें मोटारीस कसा आकार देतें, हें आमच्याच गांवच्या मालावरून दाखवितों. ह्या भागांत धान, कापूस, सोयाबीन आणि मिरची पिकते. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीस तर भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. वाळली मिरची हलकी व फुगीर. तिचीं पोतीं रचतां रचतां हौदा भरून जातो, पण वजनाची मर्यादा दूरच राहते. धानाच्या तणसाचें तर विचारूंच नये. उलट भरलेल्या धानाचीं पोतीं अर्धा हौदा भरतांच चाकें दबवितात. इंग्रजी कायद्याखालीं रिकामें वजन वांचविण्यासाठीं बांधलेली सपाट, बिनबाजूची गाडी येथें मिरचीस निरुपयोगी. येथील कारागिरानें बाजू उंचावल्या, त्या वर झुकत्या ठेविल्या, केबिनच्या डोक्यावर ताडपत्री व सुटें सामान ठेवण्यास जागा केली, आणि मागच्या कमानपाट्यांत एखादा पाटा अधिक घातला. ह्यांतला शेवटचा प्रकार कायद्यास मानवणारा नव्हता. वजनाची मर्यादा आणि प्रत्यक्ष ओझें ह्यांचा मेळ सरकारासही पुनःपुन्हा घालावा लागला. २०१८ सालीं दोन आंसांच्या मोटारीची एकूण मर्यादा १६·२ टनांवरून १८·५ टनांवर नेण्यांत आली, ती त्याचेंच एक उदाहरण.

आगगाडी असतां मोटार कां जिंकली, हेंही येथें पाहतां येतें. नागपूर-नागभीड हा अडीच फूट रुंदीचा लहान मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेनें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बांधला आणि कुही त्यावरचें स्टेशन झालें. लहान रुळांवरून आलेला माल रुंद रुळांवर न्यावयाचा म्हणजे एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भरणें आलें. म्हणजे शेतांतून स्टेशनापर्यंत गाडी, स्टेशनावर चढाव, पुढें पालट, आणि शेवटीं अडत्यापर्यंत पुन्हा गाडी. प्रत्येक चढ-उतारीस हमाली, आणि प्रत्येक हमालीस तूट. मालमोटार शेतकऱ्याच्या खळ्यांतून निघून अडत्याच्या ओट्यास लागते. वेग हें तिच्या विजयाचें दुय्यम कारण आहे. मुख्य कारण हमालीचा वांचलेला हिशेब हें आहे. हा लहान मार्ग रुंदीकरणासाठीं २०१९ सालीं बंद झाला. त्याच्या शेवटच्या गाडीचीं छायाचित्रें काढण्यास पुष्कळ हौशी आले. त्या मार्गाचा माल ज्या मोटारींनीं हळूहळू ओढून घेतला, त्यांच्या बिल्ट्या मागावयास कोणी आलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

(६) साधनांची परीक्षा

येथें पूर्वपक्ष असा : हीं साधनें क्षुद्र आहेत, पावती व परवाना ह्यांतून इतिहास होत नाहीं. ह्यास उत्तर आमच्या शास्त्रांतच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्षाच्या नाक्यावर चार-पांच लेखकांनीं व्यापारी कोण, कोठले, माल किती, आणि त्यावर शिक्का कोठें पडला, हें लिहून घ्यावें असें सांगितलें आहे. सीमेवरच्या अधिकाऱ्यानें मालाच्या गाडीमागें सव्वा पण मार्गकर घ्यावा, असेंही त्यांत आहे. तीं नाक्यांवरचीं टिपणें आज सांपडलीं तर कोणता संशोधक त्यांस क्षुद्र म्हणेल? कुही तालुक्यांतीलच मांढळ येथें वाकाटकांचे ताम्रपट मिळाले. त्या घराण्याच्या दानपत्रांत जीं सुटीचीं कलमें असतात, त्यांत गाई-बैल आळीपाळीनें पुरविण्याच्या बंधनांतून मुक्तता हें एक ठरीव कलम आहे. आम्ही त्यावरून पांचव्या शतकांतील वाहतुकीच्या वेठीचें अनुमान करतों. मराठेशाहींतील राहदारीचीं दस्तकें आम्ही रुमालांत बांधून ठेवितों. दस्तक जपावें आणि परवाना विकावा, हा भेद केवळ वयाचा आहे, जातीचा नाहीं.

प्रत्येक साधनाचे गुणदोष मात्र पारखले पाहिजेत. नोंदणीपुस्तकांत चेसिस व एंजिन ह्यांचे आंकडे, मालकांची परंपरा, रिकामें व भरलें वजन हीं असतात. मोटारीचें एंजिन बदललें म्हणजे आंकडा बदलतो. युद्धोत्तर ब्रिटनमध्यें पेट्रोलच्या बेडफर्डमधून एंजिन काढून पर्किन्सचें डिझेल एंजिन बसविण्याची मोठी लाट होती. डिझेल स्वस्त असल्यानें येथेंही तसे बदल झाले. हे प्रक्षेप ओळखण्याची रीत महाभारताची संशोधित आवृत्ति सिद्ध करणाऱ्यांनीं आपणांस शिकविलीच आहे. मूळ पाठ कोणता, भर कोणती, आणि भर केव्हां पडली, हें प्रतींची तुलना करून ठरवावयाचें. जीर्णोद्धार करून चकचकीत रंगविलेली मोटार ही शुद्ध केलेल्या पोथीसारखी असते. दिसावयास सुरेख, पण पुरावा म्हणून दुबळी.

बिल्टी ही ह्या सर्वांत मोलाची. तींत माल, नग, वजन, भाडें, पाठविणारा, घेणारा व तारीख एवढें एका चिठोऱ्यावर मिळतें. परंतु बिल्टींतलें वजन हें कायद्यास दाखविण्याचें वजन असूं शकतें. म्हणून तें अडत्याच्या तोलपट्टीशीं ताडून पाहावें. दोहोंत अंतर निघालें तर तें अंतरच इतिहास होय. जकातीची पावती तिसरा साक्षीदार. ती भरण्यांत व्यापाऱ्याचा कल माल कमी दाखविण्याकडे असे, हें विसरूं नये. जुन्या पेढ्यांच्या वह्या मोडींत किंवा मारवाडी मंडळींच्या महाजनी अक्षरांत असतील, तर त्या वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. चौथें साधन कारागिराची मापवही आणि त्याची स्मृति. त्याची वही बहुधा नसतेच. त्याचें ज्ञान हातांत असतें, आणि तें त्याच्याबरोबर जातें.

(७) घाई कां?

घाई एवढ्यासाठीं कीं, हीं साधनें पुढें निर्माण होणारच नाहींत. नागपूर शहराची जकात २०१३ सालीं उठली. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, आणि २०१८ पासून मालाबरोबर ई-वे बिल जाऊं लागलें. मोटारींची नोंद यंत्रांत गेली, आणि जुनीं पुस्तकें मालकाच्या पेटींत निरुपयोगी पडलीं. जुनी मोटार भंगारांत निघाली कीं पुस्तक तिच्या मागोमाग जातें. हे फेरफार व्यवहाराच्या दृष्टीनें इष्टच असतील. नाक्यावर तिष्ठत राहिलेल्या चालकास त्यांची खंत नाहीं, आणि आम्हांसही नाहीं. पण एक कागदी युग संपलें आहे, आणि संपलेलें युग हाच आपला विषय आहे.

म्हणून आमच्या सूचना तीन. संग्राहकांनीं शिक्के, दिवे व जाहिरातींचे कागद ह्यांपेक्षां बिल्टीपुस्तकांस अधिक किंमत द्यावी. एक सुटी बिल्टी घेण्यापेक्षां एका धंद्याचें एका सालचें सबंध पुस्तक घ्यावें, कारण सुटीवरून भाव कळतो, सबंधावरून व्यापार कळतो. ज्यांच्याकडे जुने परवाने आहेत त्यांनीं ते द्यावयाचे नसल्यास निदान त्यांची नक्कल करूं द्यावी. खाजगी नांवें झांकून तीं छापतां येतील. आणि ज्या कारागिरांनीं लांकडी हौदे बांधले, ते हयात आहेत तोंवर कोणी मोजपट्टी व वही घेऊन त्यांच्याकडे बसावें, मापें घ्यावीं, भागांचीं नांवें त्यांच्याच तोंडचीं लिहावीं. फाळका, हौदा, कमानपाटा हे शब्दही कोशांत नीट नोंदले जाणें अगत्याचें आहे.

ब्रिटनच्या हौशी मंडळींनीं मोटारी जपल्या, हें त्यांचें यश. त्यांनीं माल व कागद ह्यांस गौण लेखिलें, ही त्यांची उणीव. आमच्याकडे मोटारी जपण्याइतका पैसा व जागा नाहीं. कागद जपण्यास मात्र एक कोरडें कपाट पुरतें. ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या गांवीं एखादी जुनी अडत, एखादा थकलेला हुंडेकरी असेलच. पुढील पावसाळ्यापूर्वीं त्यांच्या माळ्यावर काय आहे, एवढें विचारून ठेवावें.

कुही, जि. नागपूर